प्रसूती विभागाची इनचार्ज झालेय, टीम चालवायला शिकायचं कुठे?

बारा वर्षं डिलिव्हऱ्या केल्या, सिझर केले, कुटुंबनियोजनाची ओपीडी बघितली, पण माणसं कशी सांभाळायची, औषधांसाठी वरच्यांच्या मागे कसं लागायचं हे कुणी शिकवलंच नाही आणि आता अख्खा विभाग माझ्याकडे दिलाय. गेल्या महिन्यात एक बाई रक्तस्रावाने गेली, नंतरच्या मीटिंगमध्ये सगळे माना खाली घालून बसलेले, एक शब्द नाही. पाच दिवसांचं लीडरशिप ट्रेनिंग मिळतंय. विकसनशील देशांत साधनंच कमी, तिथे ह्याचा उपयोग होतो का?

प्रतिसाद 1
जा, पण एकट्या नको, सिनियर सिस्टर आणि स्टोअर बघणाऱ्यालाही न्या, नाहीतर तुम्ही शिकून याल आणि वॉर्ड होता तिथेच राहील. आणि मीटिंगमध्ये "कुणाचं चुकलं" विचारलं की तोंडं बंद होतात. उशीर कुठे झाला ते विचारा, घरून निघायला, पोचायला की पोचल्यावर उपचार मिळायला. आम्ही असं विचारलं तेव्हा एक नवीन नर्स बोलली, ऑक्सिटोसिन, म्हणजे रक्तस्राव रोखायचं इंजेक्शन, रात्रभर ट्रेमध्येच असतं कारण फ्रीजची किल्ली कुणाकडे तेच माहीत नसतं. 2 ते 8 डिग्रीत ठेवायचं औषध! वर्षभर कुणाला पत्ता नव्हता.

प्रतिसाद 2
मी लेबररूमची नर्स. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका, टांझानियात डिलिव्हरीनंतरच्या रक्तस्रावावर झालेला ई-मोटिव्ह अभ्यास नक्की वाचा, 2023 ला आला, 2 लाखांवर बायका होत्या. खुणा केलेल्या पिशवीत रक्त मोजायचं आणि सगळे उपचार एकदमच सुरू करायचे. गंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडून ऑपरेशन किंवा त्याने मृत्यू, हे सगळं मिळून 60 टक्क्यांनी कमी झालं, नेहमीच्या पद्धतीत निम्मेच रक्तस्राव ओळखले जायचे ते 93 टक्के झाले. पिशवी साधीच आहे हो, पण ती भरताना बघणारी आम्हीच असतो, तेव्हा सुरुवात करायचा अधिकार आम्हाला द्या, डॉक्टरला फोन लागेपर्यंत थांबायला लावू नका.

प्रतिसाद 3
+1. मोझांबिकने 1984 पासून डॉक्टर नसलेल्यांना सिझर शिकवलं, ग्रामीण भाग त्यांच्यावरच चालला.

प्रश्नकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. किल्लीचं वाचून पोटात गोळा आला, आमच्याकडेही ती एकाच्याच खिशात असते, उद्याच बघते. रात्रपाळीच्या सिस्टरना उपचार सुरू करायची परवानगी लेखी द्यायचीय, कुणाकडे नमुना आहे का?