छेचाळिसाव्या वर्षी बी.ए.: गरज की हौस?

रात्रपाळी:
मी सातपूर एमआयडीसीत आहे. आमच्या खात्यातल्या एका ऑपरेटरने यंदा मुक्त विद्यापीठात बी.ए.ला नाव घातलं. वय ४६, आयटीआय फिटर. कॅन्टीनमध्ये पेढे वाटले. तोंडावर अभिनंदन केलं, मनातलं इथे लिहितो.

निवृत्ती ५८ला. पदवीला तीन वर्षं, विषय राहिले तर चार-पाच. म्हणजे हातात कागद येईल तेव्हा गडी पन्नाशीला टेकलेला. पन्नाशीच्या माणसाला कंपनी सुपरवायझर करत नाही, व्हीआरएसचा फॉर्म देते. तेवढ्याच वेळात सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनचं, प्रोग्रामिंग शिकला असता तर उद्या दुसऱ्या कंपनीत उभं तरी केलं असतं. चाळिशीनंतरची पदवी ही हौस आहे. खुशाल करा, पण बढतीचं नाव पुढे करून घरच्यांचे रविवार खाऊ नका.

कोपरगावची:
दादा, मी अंगणवाडी सेविका. दहावीला गणितात गेले होते. बारावी नसलेल्यांना तेव्हा मुक्तची पूर्वतयारी परीक्षा देऊन बी.ए.ला जाता यायचं, तशी मी २००९ला गेले, ३७व्या वर्षी. आमच्याकडे पर्यवेक्षिकेच्या काही जागा अनुभवी सेविकांमधून भरतात, पण पदवी असेल तरच अर्ज घेतात. वीस वर्षं पोरांची वजनं केली, आहार वाटला, रजिस्टरं भरली, तरी त्या एका रकान्यात लिहायला काही नव्हतं. याला हौस म्हणायचं का?

पहिला पेपर आठवतो. माझ्या पुढे एसटीचा वाहक, मागे हवालदार. हवालदारसाहेबांचा हात लिहून लिहून आखडला. दर पानाला बोटं बाकावर आपटायचे, मोकळी करायचे, परत लिहायचे. शेवटी पर्यवेक्षक म्हणाले, "साहेब, हळू, बाकीच्यांना त्रास होतो." तर ते म्हणाले, "पंचनाम्यापेक्षा जास्त कधी लिहिलंच नाही हो."

रविवार खाल्ले हे मात्र खरं. तीन वर्षं रविवारच्या भाकरी सासूबाईंनी थापल्या. माझ्या पदवीवर त्यांचं नाव नाही.

आकडेमोड:
ताई, मानलं. पण तुमच्या पदाच्या नियमातच पदवी लिहिलेली होती. बहुतेकांचं तसं नसतं. एमपीएससीचं स्वप्न दाखवणारे पुष्कळ भेटतात. तिथे वयाची अट खुल्या गटाला ३८, मागासवर्गीयांना ४३. छेचाळिसाव्या वर्षी काय करणार तिथे?

आणखी एक. "नोकरी करता करता घरबसल्या बी.टेक." म्हणून एजंट फिरतात, त्यांच्या नादी लागू नका. दूरशिक्षणाने अभियांत्रिकी चालत नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०१७ला स्पष्ट सांगितलंय. बी.ए., बी.कॉम.चं तसं नाही. विद्यापीठाला आणि त्या अभ्यासक्रमाला यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) मान्यता असेल तर ती पदवी नेहमीच्या कॉलेजच्या बरोबरीची धरतात, २०२२ला यूजीसीने तसं पुन्हा कळवलंही आहे. मान्यता आधी तपासा, पेढे मग.

तिखटजाळ:
@रात्रपाळी, सीएनसीचं ज्ञान तर पाजळलंत. पण ४६ वर्षांचा नवशिका प्रोग्रामर कोणती कंपनी घेते ते सांगा, माझा भाऊ मोकळाच आहे.

निमपदवीधर:
मी दोन वर्षं केलं आणि सोडलं, म्हणून बोलतो. विद्यापीठाचं आणि केंद्राचं नाव घेत नाही. पुस्तकं मिळाली मार्चमध्ये, परीक्षा मेमध्ये. संपर्क सत्राला रविवारी गेलो तर केंद्राला कुलूप, बाहेर आम्ही सात जण. २० गुणांचे गृहपाठ शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे तयार मिळायचे, विषयाला तीस रुपये. पहिल्या वर्षी मी जिद्दीने स्वतः लिहिले, १३ गुण पडले. तीस रुपयेवाल्याला १७. दुसऱ्या वर्षी मीही विकत घेतले आणि त्याच दिवशी माझं शिक्षण संपलं. नंतर फक्त फी भरत होतो.

"ज्ञानगंगा घरोघरी" हे ब्रीद मुक्त विद्यापीठाचं, आणि ती खरंच पोचली असेल घरोघरी. आमच्या घरी नळाला पाणी नव्हतं एवढंच.

कोपरगावची:
भाऊ, आमचं केंद्र बरं होतं म्हणून मी तरले, हे कबूल. शिकवणारे सर स्वतः रात्रशाळेत शिकलेले. सहाच्या आत कुणाला सोडायचे नाहीत.

आकडेमोड:
म्हणजे नशिबाचा भाग! हेच तर म्हणतोय.

तिखटजाळ:
कॉलेजात नियमित शिकलेल्यांचे गृहपाठ काय गंगेत धुतलेले असतात का? माझ्या इंजिनिअर पुतण्याची जर्नलं वहिनीने लिहिली आहेत.

@रात्रपाळी, मुळात त्या माणसाला विचारलंत का, कशासाठी करतोय ते?

रात्रपाळी:
आज दुसऱ्या पाळीच्या चहाला विचारलं. इतिहास घेतलाय. म्हटलं, सुपरवायझर व्हायचंय का? हसायला लागला. म्हणाला, "वेड लागलंय का? सुपरवायझरला ओटी नाही मिळत." ओटी म्हणजे ओव्हरटाइम धरून त्याचा हातात येणारा पगार आमच्या सुपरवायझरपेक्षा जास्त आहे, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

म्हणजे हौसच. मी म्हणत होतो तेच.

कोपरगावची:
तुम्ही म्हणत होतात की बढतीच्या नावाने घरच्यांना फसवू नका. तो कुठे फसवतोय?

तिखटजाळ:
एक विचारू? कॅन्टीनमध्ये पेढे कितीतरी जण वाटतात. धागा याच्याच पेढ्यांवर का काढलात?

रात्रपाळी:
विचारलंतच तर सांगतो. पेपर मेमध्ये, ओळीने चार रविवार. आमच्या खात्याला रविवारी सुट्टी नसते आणि जनरल शिफ्टवाले बदली पाळी देत नाहीत. म्हणून पेढ्यासोबत त्याने माझ्याकडे चारही रविवार मागितले.

दोन देतो म्हणालोय.