तबुरिदेतली बंदुकीची दारू काढा म्हणे!

ठासणीवाला
तबुरिदा म्हणजे स्वारांची रांग भरधाव येऊन एकाच वेळी बंदुकांचा बार काढते तो खेळ. कालच्या धाग्यावर 'मुकीजनावरं' यांनी ठणकावून लिहिलं, "मोरोक्कोतली तबुरिदा म्हणजे घोड्यांचा छळ. बंदुका बंद करा. आवाज हवाच असेल तर लाउडस्पीकरवर वाजवा. पोशाख, खोगीर, दौड सगळं राहू द्या." त्यावर वाहवाही झाली. तिथे उत्तर मावलं नसतं, म्हणून वेगळा धागा.

तबुरिदेतला बार हा दौड संपल्यावर लावलेला फटाका नाही. अख्खी दौड त्या एका बारासाठी बेतलेली असते. सोरब्यात, म्हणजे एका पथकात, पंधरा ते पंचवीस स्वार, संख्या विषम, कारण मुकद्दम (पथकाचा म्होरक्या) मधोमध आणि दोन्ही बाजूंना सारखे स्वार. आधी हद्दा, म्हणजे सलामीची फेरी. ती दुडकीवर होते, त्यात सलामी आणि बंदुकीचे हात. मग तल्का, म्हणजे बाराची दौड. मुकद्दमच्या हाळीवर रांग सुटते, भरधाव होते, स्वार रिकिबीत उभे राहतात, बंदुका उचलल्या जातात, आणि शेवटच्या हाळीला चाप ओढला जातो. ऐकणारा एकच गोष्ट ऐकतो, बार एक आला की फाटला. एखादा घोडा अर्धं अंग पुढे गेला तर त्या स्वाराचं लक्ष लगामाकडे जातं, चाप उशिरा ओढला जातो आणि बार फाटतो. चकमकीच्या बंदुकीत चाप ओढल्यापासून दारू पेटेपर्यंत क्षणभर जास्त जातो, टोपीच्या बंदुकीत (ठोका बसताच फुटणारी छोटी स्फोटक टोपी असलेल्या) कमी. एका सोरब्यात दोन्ही जातींच्या बंदुका असल्या की मुकद्दम कितीही चांगला असो, बार एक येणं कठीण. लाउडस्पीकर लावल्यावर यातलं काय पारखणार? डोक्यावरच्या टोप्या?

धोका आहेच. पण तो कुठून येतो? पहिला प्रकार फुसक्या बाराचा. धुरात आणि गोंगाटात आपली बंदूक पेटलीच नाही हे स्वाराला कळत नाही, परत येऊन तो तिच्यात वरून पुन्हा दारू ओततो. दुप्पट दारू, आणि नळी जुनी. दुसरा प्रकार नळीत विसरलेल्या, दारू ठासायच्या गजाचा. छर्रा नाही, गोळी नाही म्हणून निर्धास्त असलेल्या माणसाने भाला फेकावा तसा तो गज सुटतो. तिसरा, मागच्या बाराचा निखारा आत धुगधुगत असताना दारू ठेवायच्या शिंगातून थेट दारू ओतणं. चौथा, न धुतलेली नळी. काळ्या दारूची राख हवेतली ओल ओढते आणि आतून गंज धरते. नळी गरम पाण्याने धुऊन, पुसून, तेल लावून ठेवली नाही तर काही हंगामांत ती कागदासारखी होते. या चारही गोष्टींवर इलाज आहे: मोजून बांधलेल्या पुड्या, गज मैदानाच्या टोकाला एकाच माणसाकडे जमा, आणि बंदूक पेटली नाही तर ती त्या दिवसापुरती बाद. यासाठी दारू काढावी लागत नाही.

मुकीजनावरं
एवढं दारूपुराण झालं, त्यात घोड्याच्या कानाबद्दल एक वाक्य नाही. माणसाच्या कानाला १४० डेसिबलचा एक ठोकाही इजा करू शकतो. ठासणीच्या बंदुकीचा बार जवळून त्याच्या वर जातो. पंचवीसच्या सोरब्यात मुकद्दमच्या घोड्याला डावीकडून बारा, उजवीकडून बारा आणि पाठीवरून एक. दिवसभरात असे किती फेरे? "घोड्याला सवय होते" हे उत्तर आता येईलच. बहिरं झालेलं जनावरसुद्धा सवय झाल्यासारखंच दिसतं.

ठासणीवाला
येणारच, कारण सवय लावण्याची रीत असते. कोवळ्या घोड्याला एकदम रांगेत उभं करत नाहीत. आधी लांबून नुसत्या टोप्या वाजवतात, तेही तो चारा खात असताना. मग थोडी दारू, मग अंतर कमी. रांगेत घेतला तरी आधी टोकाला आणि मुरलेल्या घोड्याच्या शेजारी, म्हणजे एकाच बाजूने आवाज. घाईने तयार केलेला घोडा बाराच्या *आधी* बिघडतो. स्वार रिकिबीत उभा राहिला की पुढे काय होणार ते त्याला कळतं, तो मान फेकतो किंवा आडवा सरकतो. बहिरा घोडा आवाजाला घाबरणार नाही, पण या हालचालीला घाबरायचा थांबत नाही. कानाचं म्हणाल तर बोळे घाला. उडी मारणाऱ्या घोड्यांना जगभर घालतात. त्यासाठी लाउडस्पीकर कशाला?

बार्बभक्त
मूळ प्रश्न वेगळाच आहे आणि त्यावर कुणी बोलत नाही. तबुरिदा बार्बची होती, म्हणजे उत्तर आफ्रिकेतल्या मूळ घोड्याची. उतरता पुठ्ठा (कमरेमागचा भाग), खाली लागलेलं शेपूट, टणक खूर, जागच्या जागी उसळून आखूड दौड मारायची ताकद. आता दिखाऊ मान हवी म्हणून अरबी रक्त ओतून ओतून अरब-बार्ब पुढे केलेत. तापट घोडे रांगेत उभे करायचे आणि वर आवाजाला बिचकतात म्हणायचं!

पागेवाला
बार्बभक्त, प्रत्येक धाग्यावर हेच. अरब-बार्बही शांत असतो, हात शांत असेल तर.

आता खरं बोलू. कान, दारू हे सगळं दुय्यम. व्हिडिओ आवाज बंद करून बघा. बार होईपर्यंत घोड्यांची तोंडं बऱ्यापैकी मिटलेली. बार झाल्यावरच्या पुढच्या तीन सेकंदांत सगळ्यांची तोंडं उघडी, माना आभाळाकडे, काहींच्या जिभा बाहेर. का? तोंडातलं लोखंड. आडव्या दांडीला मधे उंच कमान, त्या कमानीच्या माथ्यावर एक लोखंडी कडं, आणि ते खालच्या जबड्याभोवती फिरतं. लगाम ओढला की कमान टाळूकडे चढते, कडं हनुवटीखाली दाबतं आणि मधे सापडतो जबड्याचा दात नसलेला भाग. तिथे हाडावर पातळ कातडीशिवाय काही नसतं. वारंवार असं झालं की हाडावर गाठ धरते. बाराने हे होत नाही, थांबवण्याने होतं.

मुकीजनावरं
म्हणजे छळ आहे. मान्य केलंत, आभारी आहे.

खोगीरभरती
आभार कसले मानताय, त्यांनी अर्धंच सांगितलं. हे लोखंड ओढायला बनवलेलंच नाही. एका हाताने, लगाम मानेवर टेकवून, करंगळीच्या इशाऱ्यावर घोडा वळवायचा आणि दुसरा हात हत्याराला मोकळा, यासाठी ते आहे. उंच पुढचा-मागचा खांब असलेलं खोगीर, खाली नमद्याचे थर, आखूड रिकिबी, पाय पूर्ण मावेल असं रुंद पाऊल. सगळा तोल खोगिरावर. चांगला स्वार मागे टेकला की घोडा मागच्या पायांवर बसून थांबतो. लोखंड सौम्य आणि हात रांगडा असला तरी जबडा फुटतोच. दोष हाताचा.

पागेवाला
पुस्तकातलं वाक्य! भरधाव घोडा, डोळ्यांसमोर धूर, बंदूक अजून हातात, स्वार रिकिबीत *उभा*. खोगिरात बसलेलाच नाही तर मागे टेकणार कशाने? त्या क्षणी त्याचा तोल लगामावर असतो. सगळ्या रांगेचा एकाच वेळी. करंगळीचा इशारा म्हणे. आणि रिकिबीच्या धारदार कोपऱ्यांबद्दल बोलला नाहीत, टाचेऐवजी तेच बरगडीत घुसतात.

खोगीरभरती
उभा असतो तो बार होईपर्यंत. नीट शिकवलेला स्वार बाराबरोबरच खाली येतो, मग लगाम घेतो. तुम्ही बघितलेत ते कच्चे सोरबे. व्हिडिओवरून पागा चालवणाऱ्यांशी काय वाद घालायचा!

पागेवाला
वैयक्तिक होऊ नका. कच्चे सोरबे कुठून येतात ते सांगा. भाड्याने घोडे घेऊन हंगामापुरती रांग जमवणारे कमी आहेत का? त्या घोड्याला स्वाराचं वजन ठाऊक नाही, स्वाराला घोड्याचं तोंड ठाऊक नाही. मग हातात उरतं ते लोखंडच.

संपादक
दोघेही जरा दमाने. एकमेकांच्या पागा काढू नका.

ठासणीवाला
धागा दारूचा होता, जबड्याचा झाला. असो. पागेवाल्यांचं एक घेतो, थांबवणं हीच अवघड जागा. पण मुळाशी मैदान आहे हे दोघांच्याही लक्षात आलेलं नाही. मुसेममध्ये, म्हणजे जत्रेत, महरकच्या (दौडीच्या मैदानाच्या) टोकाला प्रेक्षक आणि तंबू अगदी खेटून. बार त्यांच्या पुढ्यात व्हायला हवा, कारण धूर तोंडावर आल्याशिवाय लोकांना मजा नाही. मग थांबायला जागा किती? थोडकीच. एल जदिदाजवळ मुलाय अब्दल्लाह अमगारच्या ऑगस्टमधल्या गर्दीत कुणीही स्वार ओढणारच. रबातला दार एस सलामच्या मैदानावर राष्ट्रीय स्पर्धा होते, तिथली आखणी तरी हातात असते. बाराची रेघ चाळीस पावलं मागे घ्या, पुढची जमीन मऊ करा, तिला किंचित चढ द्या. घोडा आपोआप आवरतो. लोखंड तेच राहिलं तरी.

मुकीजनावरं
म्हणजे दारू राहिली, लोखंड राहिलं, फक्त प्रेक्षक चाळीस पावलं मागे. युनेस्कोने २०२१ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं म्हणून एवढी माया दिसतेय. यादीत नाव आलं म्हणजे जबडा बरा होत नाही.

ठासणीवाला
यादी तुम्हीच काढली, मी नाही.

पागेवाला
रेघ मागे घ्यायला हरकत नाही. पण त्याबरोबर थांबण्याला गुण द्या. एकच बार आणि सरळ रांग यांवर नजर असेल तर बारानंतर घोड्याच्या तोंडाचं काय झालं याची सोरब्याला फिकीर कशाला? तोंड उघडलं की गुण कापा. दोन हंगामांत सगळे सोरबे सौम्य लोखंडावर येतील, खोगीरभरतींचे पक्के स्वारसुद्धा.

खोगीरभरती
पक्क्या स्वारांचे गुण कापले जाणारच नाहीत, तेव्हा खुशाल कापा. पण मोजणार कोण? सगळी रांग, धूर, आणि समोरून बघणारे पंच. बाजूने माणूस बसवावा लागेल.

पागेवाला
बसवा की. दोन्ही बाजूंना एकेक.

बार्बभक्त
आणि त्या दोघांना पुठ्ठाही बघायला सांगा.