मदत हवी आहे: गाडी चालता चालता बंद पडते, थंड झाली की सुरू

२०१३ ची पेट्रोल गाडी, सीएनजी किट नाही. पाऊण तास चालली की इंजिन एकदम बंद. आधी धक्के नाहीत, मिसिंग नाही. गाडी गिअरमध्ये पळत असतानाच आरपीएमचा काटा शून्यावर! वीसेक मिनिटांनी पहिल्याच सेल्फला सुरू. परवा खंबाटकी घाटात मागे ट्रक असताना हेच झालं.

प्लग, पेट्रोल फिल्टर नवे. थ्रॉटल बॉडी साफ. बॅटरीचे टर्मिनल घट्ट. टेम्परेचर नॉर्मल, स्कॅनरवर एरर कोड नाही. गॅरेजवाला पेट्रोल पंप बदला म्हणतो, पण बंद पडल्यावरही चावी फिरवली की पंपाचा आवाज येतो. मला क्रँक सेन्सरचा (इंजिन किती वेगाने फिरतंय ते गाडीच्या कॉम्प्युटरला कळवणारा) संशय आहे. हाताशी फक्त मल्टिमीटर आहे. बंद पडलेल्या गाडीत, रस्त्यावरच, सेन्सर की पंप हे कसं ओळखायचं?