मदत हवी आहे : वंशावळीचे काम अडले आहे, मोडी कार्यशाळेला जावे की ऑनलाइन परिषदेला?

येरळाकाठ
नमस्कार. सांगली जिल्ह्यातील आमच्या घराण्याची वंशावळ मी गेली काही वर्षे जुळवीत आहे. पणजोबांच्या वडिलांपर्यंतची नावे पक्की झाली आहेत, परंतु त्यांच्यामागे काही केल्या जाता येत नाही. तलाठ्यांपासून जिल्ह्याच्या कचेरीपर्यंत सगळीकडे विचारून झाले आणि सगळीकडे ‘याच्या आधीचे काही नाही’ एवढेच ऐकायला मिळाले. पुढील महिन्यात एकाच शनिवार-रविवारी दोन कार्यक्रम आले आहेत. एक पुण्यातील मोडी लिपीची कार्यशाळा आहे आणि दुसरी कौटुंबिक इतिहासाच्या संशोधनावरील ऑनलाइन परिषद आहे. शुल्क दोन्हींना आहे आणि नोंदणी या शुक्रवारी बंद होते. जाणकारांनी यांपैकी नेमके एक सुचवावे. ‘दोन्ही चांगले आहेत’ या उत्तराचा मला काहीही उपयोग नाही.

कृष्णाघाट
जातीच्या दाखल्यासाठी वंशावळ हवी असेल तर कोणत्याही कार्यशाळेची गरज नाही. वंशावळीचे प्रतिज्ञापत्र, पूर्वजांच्या शाळेचा निर्गम उतारा आणि जन्म-मृत्यूच्या नोंदीचा गाव नमुना नंबर १४ एवढे मिळवा. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्यायमूर्ती शिंदे समितीचे काम सुरू झाल्यापासून जुन्या नोंदी मोठ्या प्रमाणावर तपासल्या गेल्या आहेत, त्यामुळे आपल्या गावाच्या नोंदी कदाचित आधीच वाचून झाल्या असतील. आधी तहसील कार्यालयात चौकशी करावी.

येरळाकाठ
दाखल्याचा प्रश्न नाही. घराण्याचा इतिहास लिहायचा आहे. कृपया विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर द्यावे.

बोरू_आणि_दौत
मोडी कार्यशाळा. यात विचार करण्यासारखे काही नाही. आपल्या भागातील एकोणिसाव्या शतकातील जवळजवळ सगळा घरगुती आणि सरकारी व्यवहार मोडीत आहे आणि जो मोडी वाचू शकत नाही तो कायम दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचतो. आधी शिरोरेषा ओढून तिच्याखाली हात शक्यतो न उचलता लिहिलेली ही लिपी आहे. शब्द तोडलेले नसतात आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो. पहिल्या दिवशी पान पाहून धीर सुटतो हे खरे, पण आठवड्याभराच्या सरावाने ‘मौजे’ (गाव), ‘बिन’ (अमक्याचा मुलगा), ‘कोम’ (अमक्याची बायको) असे ठरावीक शब्द आपोआप दिसू लागतात आणि मग नावे सुटी होतात. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळासारखी १९१० पासूनची संस्था आहे आणि पुराभिलेख संचालनालयही मोडीचे प्रशिक्षण वर्ग भरवते. तेव्हा शिकण्याची सोय आपल्या दाराशी असताना परदेशी धाटणीच्या परिषदांना पैसे कशाला भरायचे?

अव्वल_कारकून
मी महसूल खात्यातून निवृत्त झालो आहे. बोरू_आणि_दौत यांच्या मोडीप्रेमाविषयी आदर ठेवून सांगतो की, मोडी शिकल्याने कागद वाचता येतो, कागद सापडत नाही. विचारणाऱ्यांनी गाव सांगितलेले नाही, तालुका सांगितलेला नाही, हाती कोणते कागद आहेत तेही सांगितलेले नाही. अशा स्थितीत कार्यशाळा सुचवणे म्हणजे रोग न विचारता औषध देणे आहे.

माझ्या माहितीसाठी सांगावे : आपले गाव १९४८ पूर्वी इंग्रजी मुलखात होते की संस्थानात? सांगली जिल्ह्यात हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा लागतो. १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचे दोन भाग होऊन दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे वाळवा, तासगाव, खानापूर या तालुक्यांचे जिल्हा पातळीवरील जुने प्रकरण सांगलीत ‘नाही’ म्हणून संपत नाही, ते साताऱ्याला विचारावे लागते. सांगली, मिरज, जत ही तर संस्थाने होती आणि आटपाडीचा भाग औंध संस्थानात होता. तेथील दप्तराचा मार्ग पूर्णपणे निराळा आहे. घराणे इनामदार असेल तर पुण्याच्या पुराभिलेखागारात इंग्रजांनी इनामांच्या चौकशीसाठी नेमलेल्या इनाम कमिशनच्या कागदांतही पाहावे लागेल.

दुसरे असे की, फेरफार पाहिले आहेत का? लोक सातबारा पाहतात आणि थांबतात. सातबाऱ्यावर थोरल्या भावाचे नाव ‘ए.कु.मॅ.’ म्हणून असते, म्हणजे तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर असतो आणि धाकट्या भावांची नावे त्या तीन अक्षरांमागे झाकलेली असतात. तो वारला की वारस नोंदीच्या फेरफाराला मुले, विधवा, कधी लग्न झालेल्या मुलीसुद्धा गावासह लिहिलेल्या सापडतात. एक वारस फेरफार नीट वाचला तर संपूर्ण शाखा हाती येते.

येरळाकाठ
सर्व फेरफार पाहिले आहेत. गाव खानापूर तालुक्यात, विट्याच्या पूर्वेस आहे. मोडी येत नाही. आता तरी कृपया उत्तर द्यावे, शुक्रवार जवळ आला आहे.

लेस्टरहून_सांगलीकर
मी मूळची सांगलीची असून सध्या इंग्लंडमध्ये राहते. येथील कुटुंब-इतिहासाच्या वर्गांना मी नियमित जाते, म्हणून परिषदेच्या बाजूने थोडे लिहिते. ऑनलाइन परिषदेबाबत पहिली चौकशी ही करावी की व्याख्यानांचे चित्रीकरण नंतर पाहायला मिळते का. अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटीची ‘रूट्सटेक’ ही मोठी परिषद २०२१ पासून ऑनलाइन विनामूल्य पाहता येते आणि तिची अनेक सत्रे नंतरही खुली राहतात. आपण म्हणता त्या परिषदेत तशी सोय असेल तर तारखांचा पेचच उरत नाही.

परिषदेतून मला जे मिळाले ते कागद नव्हे, शिस्त मिळाली. तेथे पुरावा पारखण्याचे पाच भाग शिकवतात. शोध शक्य तितका सर्वांगीण करायचा, प्रत्येक विधानाचा आधार लिहून ठेवायचा, पुराव्यांची तुलना करायची, दोन पुरावे एकमेकांविरुद्ध गेले तर त्याचा निकाल लावायचा आणि शेवटी निष्कर्ष कारणांसह लेखी मांडायचा. आपल्याकडे आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची पद्धत असल्यामुळे एकाआड एक पिढीत तेच नाव येते आणि दोन माणसे सहज एक होऊन जातात. ही शिस्त नसेल तर मोडी कितीही चांगले आले तरी चुकीच्या माणसाला पूर्वज ठरवण्याचा धोका राहतो.

बोरू_आणि_दौत
ताई, आपले म्हणणे इंग्लंडसाठी योग्य आहे. तेथे १८४१ पासूनच्या जनगणनेची घरोघरची नावे वाचायला मिळतात आणि चर्चच्या नोंदी त्याच्याही मागे जातात. आपल्याकडे १८८१ पासून २०११ पर्यंत दर दहा वर्षांनी जनगणना झाली, पण माणसांच्या नावांची पत्रके जपली गेली नाहीत. ज्या साधनांवर त्या परिषदा उभ्या आहेत ती साधनेच आपल्याकडे नाहीत.

लेस्टरहून_सांगलीकर
साधने वेगळी आहेत म्हणून पारख वेगळी होत नाही. शिवाय ‘रूट्सटेक’ परिषदेच्या मागे असलेल्या संस्थेने हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचे सूक्ष्मचित्रण १९७७ पासून केले आहे, तेव्हा हे काम केवळ परदेशी घराण्यांपुरते आहे असे म्हणता येणार नाही.

माणदेशी_पाऊलवाट
वरील चर्चेत एक साधा प्रश्न राहून गेला आहे. आपले कुलदैवत कोणते, लग्नाची पहिली पत्रिका कोठे जाते आणि गावात आपली भावकी किती घरांची आहे? भावकी लहान असेल आणि देव लांबचा असेल तर घराणे त्या गावात मागाहून आलेले असण्याची शक्यता मोठी असते. तसे असेल तर त्या गावाच्या दप्तरात मागचे नाव कितीही शोधले तरी मिळणार नाही.

आणि हेळवी येतात का? सुगीनंतर बैल घेऊन फिरणारे हेळवी आपापल्या ठरलेल्या घराण्यांच्या वंशावळी वह्यांत लिहून ठेवतात आणि दारात उभे राहून मूळपुरुषापासून नावे म्हणून दाखवतात. कोणत्याही परिषदेआधी मी त्यांना बसवून घेईन. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर येथील उपाध्यायांच्या वह्याही विसरू नयेत. तेथे गाव आणि आडनाव सांगितले की अस्थी घेऊन किंवा यात्रेला आलेल्या पूर्वजाची नोंद, कधी सोबत आलेल्या भावांच्या नावांसह, निघते.

कृष्णाघाट
त्यापेक्षा डीएनए चाचणी करावी. एका नमुन्यात सगळे कळते.

अव्वल_कारकून
डीएनए चाचणीत पणजोबांच्या आजोबांचे नाव येत नाही. जुळणारा दुसरा नातेवाईक त्याच संग्रहात असेल तरच नाते कळते आणि आपल्या तालुक्यांतून किती जणांनी अशी चाचणी केली असेल याचा विचार करावा. माणदेशी यांचा प्रश्न मात्र अत्यंत महत्त्वाचा आहे. येरळाकाठ, त्याचे उत्तर द्यावे.

येरळाकाठ
कुलदैवत खरसुंडीचा सिद्धनाथ. पहिली पत्रिका तिकडेच जाते. गावात भावकीची आमची तीनच घरे आहेत. हेळवी माझ्या लहानपणी येत असत, अलीकडे आलेले नाहीत. ‘दुष्काळात आपण खाली आलो’ असे आजी म्हणत असे, पण कोठून ते तिलाही ठाऊक नव्हते. घरच्या ट्रंकेत राणीच्या छापाचा एक मोडी स्टँपपेपर आहे. तो कर्जरोखा असून त्यात वंशावळीचे काही नाही असे एका वाचणाऱ्या गृहस्थांनी पूर्वीच सांगितले होते, म्हणून त्याचा उल्लेख केला नाही. त्याच्या आरंभी शके १७९८ असल्याचेही त्यांनीच सांगितले होते.

माणदेशी_पाऊलवाट
खरसुंडी आटपाडी तालुक्यात आहे, म्हणजे जुन्या औंध संस्थानाच्या बाजूला. सिद्धनाथाला मानणारी घराणी दूरवर पसरलेली आहेत, त्यामुळे मूळ गाव तेच असे यावरून म्हणता येणार नाही. पण दिशा मिळते. शके १७९८ म्हणजे इसवी सन १८७६-७७, तोच मोठा दुष्काळ. आजींचे बोलणे आणि कागदाचे साल एकाच जागी येत आहेत.

अव्वल_कारकून
कर्जरोख्यात वंशावळ नसते हे त्या गृहस्थांचे म्हणणे शब्दशः खरे आहे आणि तरीही आपल्या दृष्टीने हा कागद हाती असलेल्या सर्व उताऱ्यांपेक्षा मोलाचा आहे. लिहून देणाऱ्याचे नाव, बापाचे नाव, वय, जात, धंदा आणि राहण्याचे ठिकाण हे अशा कागदाच्या पहिल्या दोन-तीन ओळींत येते. नुकत्याच आलेल्या माणसाबाबत ‘राहणार’ पुढे मूळ गाव आणि ‘हल्ली वस्ती’ पुढे नवे गाव असे दोन्ही लिहिलेले असू शकते. सावकाराला माणूस पळून गेला तर कोठे गाठायचा ते ठाऊक असावे लागे. खाली साक्षीदार पाहावेत. परगावचा माणूस साक्षीला बहुधा आपलाच सोयरा किंवा भाऊबंद आणतो. आणि कागद उलटून पाहावा, कारण स्टँप विकणाऱ्याने घेणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख मागील बाजूस लिहिलेली असते. वाचणारे बहुतेक जण ती बाजू सोडून देतात.

बोरू_आणि_दौत
आता तरी मोडी कार्यशाळा हेच उत्तर आहे हे मान्य व्हावे. मात्र एक गोष्ट मीच पुढे करतो. नोंदणीआधी आयोजकांना दूरध्वनी करून विचारावे की सरावाला कोणत्या काळाचे कागद देतात. शिवकालीन, पेशवेकालीन आणि आंग्लकालीन मोडीच्या वळणांत पुष्कळ फरक आहे. पेशवाईतील पत्रांचाच सराव असेल तर ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे अरबी अंकशब्दांत लिहिला जाणारा सुहूर सन ११६१, अर्थात इसवी सन १७६०-६१, हे आपण शिकून याल. ते सुंदर आहे, पण आपल्या रोख्यात ते येणार नाही. आपल्याला १८७० च्या सुमाराचे, घाईने लिहिलेले व्यवहारी मोडी हवे. सोबतीला संवत्सरांची यादी ठेवावी. शके १७९८ ला धाता संवत्सर आहे. रोख्यात संवत्सर दिलेले असेल आणि ते वेगळे निघाले तर शकाचा आकडा वाचण्यात चूक झाली आहे असे समजावे.

लेस्टरहून_सांगलीकर
माझेही मत बदलले आहे. हातात नीट न वाचलेला कागद असताना मोडीच निवडावे. जाताना रोख्याच्या दोन्ही बाजूंची सरळ उजेडात काढलेली छायाचित्रे न्यावीत, मूळ कागद प्रवासात नेऊ नये. २०१९ च्या महापुरात सांगलीतील आमच्या घरचे जुने कागद पाण्याखाली गेले तेव्हा ज्यांची छायाचित्रे होती तेवढेच उरले. प्रश्न मात्र लेखी न्यावेत : लिहून देणारा कोणाचा मुलगा, कोणत्या गावचा, साक्षीदार कोण. मोघम शिकायला गेलेल्याला मोघमच मिळते.

येरळाकाठ
आयोजकांशी बोललो. दुसऱ्या दिवशीच्या दुपारच्या सत्रात एकोणिसाव्या शतकातील खरेदीखते आणि रोखे वाचायला घेतात आणि सहभागी व्यक्तींनी आणलेले कागदही पाहतात, असे त्यांनी सांगितले. पुण्याची नोंदणी केली. रोख्याच्या मागे दोन ओळी आणि एक गोल शिक्का आहे, तो आज प्रथमच नीट पाहिला. आटपाडीकडील हेळव्यांचा ठावठिकाणा कसा काढावा?

माणदेशी_पाऊलवाट
खरसुंडीच्या यात्रेत आपल्या आडनावाच्या जाणत्या लोकांना विचारावे. एका भावकीचे हेळवी सहसा त्या भावकीच्या सर्व गावांना जातात. त्यामुळे ज्या गावात आपल्या आडनावाची घरे जास्त आहेत तेथे ते अजूनही येत असण्याची शक्यता आहे. वही उघडली तर पणजोबांच्या आजोबांच्या नावाबरोबर त्यांच्या भावांची नावेही लिहून घ्यावीत आणि नंतर रोख्यातील साक्षीदारांशी ताडून पाहावीत.

जतकर
मला जत संस्थानातील देशमुखी वतनाची माहिती हवी आहे. अशी कार्यशाळा मिरजेत किंवा कोल्हापुरात होते का?

अव्वल_कारकून
जतकर, कृपया वेगळा धागा काढावा आणि त्यात गाव, वतनाचे स्वरूप व हाती असलेले कागद पहिल्याच वेळी लिहावेत.