सीर, शेरी, खुदकास्त: धन्याने स्वतःकडे ठेवलेल्या जमिनीला काय म्हणावे?

प्रश्न

मध्ययुगीन इंग्लंडवरचा मजकूर मराठीत करते आहे. गावाचा धनी असलेला सरदार काही जमीन कुळांना लावून द्यायचा आणि काही स्वतःकडे ठेवायचा. या स्वतःकडच्या जमिनीला तिकडे ‘डिमेन’ म्हणतात. मी आधी ‘राखीव जमीन’ लिहिलं, पण ते वाचून वनखातं डोळ्यापुढे येतं. ‘खालसा’ किंवा ‘खासगी’ चालेल का?

उत्तर

‘खालसा’ नको. ज्या मुलखाचा वसूल कुणा जहागीरदाराला न लावता थेट सरकारात जमा होतो, तो खालसा. तिथली शेतं रयतच कसते, आपल्या हिमतीवर आणि आपल्या बैलांनी. ‘खासगी’चीही तीच अडचण. होळकरांची खासगी प्रसिद्धच आहे. 1734 साली बाजीरावांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे ती जहागीर करून दिली, पुढे अहिल्याबाईंचा दानधर्म त्याच उत्पन्नातून झाला. पण त्यात प्रश्न उत्पन्न कोणाच्या तिजोरीत जातं एवढाच आहे. नांगर कोणाचा, म्हणजे शेती स्वतः कोण करवून घेतो, हा तुमच्या शब्दातला मुख्य भाग दोन्हींत नाही.

उत्तर

मी भंडाऱ्याकडचा. आमच्याकडे यासाठी नेमका शब्द आहे: सीर. जुन्या कागदांत पानोपानी भेटतो आणि म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात अजून आहे. ‘ही बांधी (भाताचं शेत) मालगुजाराच्या सीरेतली’ असं सहज म्हणतात.

थोडी पार्श्वभूमी देतो, कारण पश्चिम महाराष्ट्रात रयतवारी होती, म्हणजे शेतकरी थेट सरकारला सारा भरी, त्यामुळे तिकडच्या वाचकाला मालगुजारी ठाऊक नसते. 1854 मध्ये नागपूरचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं, 1861 मध्ये मध्य प्रांत झाला. भोसल्यांच्या काळात गावचा वसूल गोळा करून भरणारे जे पटेल होते, त्यांना नव्या बंदोबस्तात, म्हणजे इंग्रजांच्या सारा-आकारणीत, गावाची मालकीच मिळाली. हे मालगुजार. गावातली बहुतेक जमीन कुळांकडे असे आणि मालगुजार त्यांच्याकडून लगान घेई. त्यापलीकडे त्याची स्वतःची शेती असे, सालदार ठेवून नाहीतर वेठबिगारीने करून घेतलेली. बहुधा ती गावातली चांगली, पाण्याखालची जमीन. या घरच्या शेतीचे कायद्याने दोन प्रकार होते, सीर आणि खुदकास्त.

शब्दाचं वजन या दोघांतल्या फरकात आहे. खुदकास्तही मालक स्वतःच करी, पण ती ठेक्याने दिली की कसणाऱ्याला कुळाचा हक्क लागू शके. सीर दुसऱ्याला कसायला दिली तरी सीरच राही. त्यावर राबणारा माणूस वर्षानुवर्षं राबला तरी वहिवाटदार, म्हणजे सहज काढता न येणारं, कूळ होत नसे आणि मालकाने ‘निघ’ म्हटलं की त्याला निघावं लागे. शेजारच्या बांधीतल्या कुळाला कायद्याचा आधार आणि याला काहीच नाही. माती तीच, भात तेच. हे मला फार अन्यायाचं वाटतं, म्हणूनच हा शब्द विसरला जाऊ नये असं मनापासून वाटतं.

सीर मालकाला किती घट्ट चिकटलेली होती ते पाहा. गावाची मालकी हातची गेली तरी सीरेवर त्याचा वहिवाटीचा हक्क उरे. मालगुजारी संपवणारा 1950 चा कायदा 31 मार्च 1951 पासून अमलात आला तेव्हाही हेच झालं. गाव, जंगल, पडीत, तलाव सरकारकडे गेले. पण 1948-49 च्या कागदांत ज्याच्या नावे सीर आणि खुदकास्त होती, ती घरची शेती त्याच्याकडेच ‘मालिक मकबुजा’, म्हणजे मालकीहक्काची जमीन, म्हणून राहिली. ‘माजी मालगुजारी तलाव’ म्हणजे आमचे मामा तलाव आज सगळ्यांना माहीत आहेत. त्या पाण्यावर कुळांच्या बांध्यांबरोबर मालगुजाराची सीरही पिकत होती, हे मात्र कुणी सांगत नाही.

शब्दाच्या मुळाबद्दल: संस्कृतात सीर म्हणजे नांगर. जनकाचं नाव सीरध्वज, बलरामाचं एक नाव सीरपाणी. हिंदी पट्ट्यातही जमीनदाराच्या घरच्या शेतीला सीरच म्हणत. आणखी मागे गेलात तर कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजाने स्वतः करवून घेतलेल्या शेतीला ‘सीता’ आणि तिच्या अधिकाऱ्याला ‘सीताध्यक्ष’ म्हटलं आहे. रयतेकडून येणारा ‘भाग’, म्हणजे पिकातला हिस्सा, त्याने वेगळा सांगितला आहे. म्हणजे तुम्ही शोधताय तो भेद आपल्याकडे फार जुना आहे.

उत्तर

देशावरचा शब्द जोडतो: शेरी. सरकारने किंवा वतनदाराने कुणाला लावून न देता आपल्याकडे ठेवलेली जमीन ती शेरी. साताऱ्या-कोल्हापुराकडच्या कागदांत हा शब्द येतो. माझं मत शेरीला, कारण तो अस्सल मराठी मुलखातला आहे आणि त्याला मध्य प्रांताच्या कायद्याचं ओझं नाही.

‘खुदकास्त’ मात्र इंग्लंडसाठी अजिबात वापरू नका. मोगल काळात ‘खुदकाश्त’ म्हणजे आपल्याच गावात आपली जमीन कसणारी रयत, बाहेरून येऊन कसणारे ते ‘पाहीकाश्त’. आपल्या मिरासदार (गावात वंशपरंपरेने जमीन असलेले) आणि उपरी (बाहेरून आलेले) यांच्या जवळपास जाणारा तो भेद. इंग्रजी अमलात तोच शब्द मालकाच्या शेतीला लागला. एकाच शब्दात आधी शेतकरी आणि मग जमीनदार, वाचकाचा गोंधळ उडेल.

प्रश्न विचारणारीकडून

दोघांचेही आभार. पण तिकडची जमीन कुळं स्वतःच येऊन कसून देत: आठवड्यातले ठरावीक दिवस, वर कापणीच्या वेळी जास्तीचे. 1086 च्या डूम्सडे नोंदींत, म्हणजे राजाने करवलेल्या जमिनींच्या पाहणीत, धन्याचे नांगर आणि गावकऱ्यांचे नांगर वेगळे मोजलेले आहेत. पुढे 1348-49 च्या महामारीनंतर मजूर मिळेनात, तेव्हा धन्यांनी हळूहळू याही जमिनी खंडाने देऊन टाकल्या. हे सगळं एका शब्दात बसेल?

उत्तर (भंडाऱ्याहून)

नांगर वेगळे मोजले असतील तर सीरच बसवा, नांगराचाच शब्द आहे तो. पहिल्यांदा येईल तिथे ‘सीर, म्हणजे धन्याची घरची शेती’ असं उलगडून लिहा आणि पुढे नुसतं सीर. कुळांच्या सक्तीच्या दिवसांसाठी ‘वेठ’ हा वेगळा शब्द ठेवा, तो सीरेत कोंबू नका. खंडाने दिल्यानंतरच्या काळाबद्दल लिहिताना ‘सीरेची जमीन’ म्हणा, कारण तेव्हा जमीन धन्याची असली तरी नांगर त्याचा उरला नव्हता. शेरी सुचवणाऱ्यांचंही खरं आहे, पुस्तक मुख्यतः पुण्या-साताऱ्याकडे वाचलं जाणार असेल तर शेरी घ्या. फक्त एकच शब्द धरा आणि शेवटपर्यंत तोच चालवा.