मदत हवी आहे : बालवर्गासाठीची खेळायची कणीक तिसऱ्या दिवशी चिकट होते

24 मुलांच्या वर्गासाठी दर आठवड्याला घरीच करते. एका घाण्याचं प्रमाण : 2 कप मैदा, 1 कप बारीक मीठ, 2 कप पाणी, 2 मोठे चमचे तेल, 4 छोटे चमचे क्रीम ऑफ टार्टर (बेकिंगमध्ये वापरतात ती आंबट पांढरी पूड). गुठळ्या गार असतानाच मोडायच्या, मग मंद आचेवर सतत ढवळायचं. गोळा भांड्याच्या कडा सोडू लागला की उतरवून कोमट असताना पाच मिनिटं मळायचा. मळायचं काम माझ्या मुलाकडे. पंधरा वर्षांच्या हातांना जोर असतो, फरक लगेच जाणवतो.

दोन दिवस छान, मग हाताला चिकटते. मीठ हवेतला ओलावा ओढतं, शिवाय मुलांच्या हातांचा घाम. (गरम गोळा डब्यात भरला तर वाफही कोंडते, म्हणून पूर्ण गार करूनच झाकण लावते.) वरून मैदा भुरभुरला की पुढे तडे जातात. मीठ कमी केलं तर बुरशी लवकर धरेल.

पाणी पावणेदोन कप करून कुणी पाहिलंय का? चमचाभर ग्लिसरीनने चिकटपणा वाढतो की तडे थांबतात? टार्टरऐवजी लिंबाचा रस किती घालता? आणि चव घेऊन बघणाऱ्या मुलांसाठी, इतकं मीठ नसलेली पण निदान आठवडाभर टिकणारी कृती असेल तर नक्की सांगा.