डायलिसिसवर असताना गर्भधारणा: आठवड्याचे तास वाढवण्यासाठी मदत हवी आहे

माझ्या धाकट्या बहिणीची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली असून सांगली जिल्ह्यातील एका केंद्रात तिचे आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास डायलिसिस चालते. पाळी मुळातच अनियमित असल्याने दिवस गेल्याची शंका उशिरा आली. शिवाय मूत्रपिंडाच्या रुग्णांत बीटा एचसीजी (गर्भचाचणीत मोजले जाणारे संप्रेरक) गर्भाशिवायही वाढलेले असू शकते, म्हणून खात्री सोनोग्राफीनेच झाली. सध्या चौदावा आठवडा आहे. धोके समजून घेऊन तिने व तिच्या यजमानांनी गर्भ ठेवायचे ठरवले आहे; त्या निर्णयावर कृपया चर्चा नको, आणि काढे-चूर्णेही सुचवू नयेत.

डॉक्टरांनी रक्तदाबासाठीचे रॅमिप्रिल बंद करून त्याऐवजी लॅबेटॅलॉल दिले, कमी मात्रेची ॲस्पिरिन सुरू केली व रक्तवाढीसाठीच्या एरिथ्रोपोएटिनची मात्रा वाढवली. खरी अडचण तासांची आहे. कॅनडा व अमेरिकेतील रुग्णांची तुलना करणाऱ्या, 2014 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आठवड्याला 36 तासांहून अधिक डायलिसिस झालेल्यांत जिवंत बाळ जन्मण्याचे प्रमाण 85 टक्के, तर 20 तास किंवा त्याहून कमी झालेल्यांत 48 टक्के होते. आईच्या रक्तातील युरिया वारेतून बाळापर्यंत पोहोचतो, बाळाला लघवी जास्त होते, गर्भजल वाढते आणि प्रसूती अकाली होण्याचा धोका वाढतो, हे डॉक्टरांनीच सांगितले. परंतु केंद्रातील सर्व पाळ्या भरलेल्या असल्याने रोजचे मशीन मिळत नाही.

दुसरा प्रश्न ड्राय वेटचा, म्हणजे डायलिसिसने जादा पाणी काढल्यावर जे वजन उरायला हवे त्याचा. फाईलवर अजून गर्भधारणेपूर्वीचाच आकडा आहे. परवा तंत्रज्ञांनी त्या आकड्यापर्यंत पाणी ओढले, तेव्हा तिचा रक्तदाब एकदम उतरला आणि पायांत गोळे आले. वाढलेल्या वजनातले पाणी किती आणि बाळाचे किती, हे तुमच्याकडे कोण व किती दिवसांनी ठरवत असे?

पुणे, मिरज, कोल्हापूर किंवा मुंबईत गर्भवतीला आठवड्यातून सहा दिवस डायलिसिस देणारे, आणि त्याच इमारतीत नवजात अतिदक्षता विभाग असणारे रुग्णालय कोणाच्या प्रत्यक्ष माहितीत आहे का? महात्मा फुले जन आरोग्य योजनेत वाढीव डायलिसिसला मंजुरी मिळवलेली असल्यास डॉक्टरांच्या पत्रात नेमके काय लिहून घेतले होते, तेही कृपया कळवावे. सहा दिवस जमणारच नसतील, तर पाच दिवस करून प्रत्येक वेळचे तास वाढवून घेतलेल्या कोणाचा अनुभव असल्यास तोही हवा आहे.